छोटी स्की-टेकडी टिकेल का, आणि तिच्यावर पोट भरेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी भिलारच्या बाजूचा. घरची स्ट्रॉबेरी आहे. गुलमर्गला बेसिक आणि औलीला पुढचा स्की कोर्स केला. उत्तराखंडातल्या दोन मित्रांबरोबर त्यांच्या गावावरच्या उतारावर छोटी लिफ्ट टाकून स्की शिकवायचा विचार आहे. वडील थोडे पैसे द्यायला तयार आहेत. पण जगभर छोट्या स्की-टेकड्या बंद पडतायत असं वाचतो. यात भविष्य आहे का? आणि असं काही महाबळेश्वर-पाचगणीत जमेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, म्हणजे तो विषय एकदाचा मिटेल. महाबळेश्वरात स्कीसाठी बर्फ पाडता येणार नाही. दर हिवाळ्यात वेण्णा लेकच्या काठावर दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात येतात, गाडीच्या टपावरचा पांढरा थर खरवडून लोक व्हिडिओ काढतात, आणि मग मला फोन येतो की मशीन लावली तर जमेल का. तिथं गोठतं ते जमिनीलगत. आभाळ निरभ्र असलं, वारा पडलेला असला की गवत, पानं, पत्रा रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहतात आणि त्यांच्या अंगालगतचा पातळ थर शून्यावर येतो. माणसाच्या उंचीवरची हवा तेव्हाही बरीच उबदार असते. महाबळेश्वरचं जानेवारीतलं किमान तापमान सहसा १० अंशांच्या वरच राहतं. स्नो गन पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवते आणि ते खाली येईपर्यंत हवेतच गोठावे लागतात. त्यासाठी वेट बल्ब तापमान, म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर दाखवील ते, उणे २-३ अंशांच्या खाली लागतं. आपल्याकडं ते होत नाही.

समजा झालंच, तर पाण्याचा हिशोब बघा. एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटर थर द्यायचा म्हणजे ३,००० घनमीटर बर्फ. मशीनचा बर्फ घट्ट असतो. त्याची घनता पाण्याच्या ४० टक्के धरली तर १२ लाख लिटर पाणी झालं. दहा हजार लिटरचे १२० टँकर, एका हेक्टरला, एका थराला. ज्या जिल्ह्यात माण-खटावला उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथं हा प्रस्ताव घेऊन कलेक्टर कचेरीत जायची माझी तरी छाती नाही. शिवाय महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे, तिथं डोंगर कापायचं नावही काढू नये. प्लॅस्टिकच्या चटईवरचा कोरडा उतार तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. कोपनहेगनमध्ये कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाच्या छपरावर २०१९ पासून तसा उतार चालतो. पण महाबळेश्वरच्या पावसात त्या चटईवर चार महिने शेवाळ चढेल आणि उरलेले आठ महिने ते काढण्यात जातील.

आता मूळ प्रश्न. बर्फ कमी झाला म्हणून छोट्या टेकड्या बंद पडल्या, हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेतली पहिली रोप टो, म्हणजे हातानं धरून वर जायची फिरती दोरी, १९३४ साली व्हर्मांटमधल्या वुडस्टॉक गावाजवळ एका शेतकऱ्याच्या उतारावर लागली. तिला ताकद होती फोर्डच्या जुन्या मॉडेल टी गाडीच्या इंजिनाची. दुसऱ्या महायुद्धानंतर तर ज्याच्याकडं उतार आणि जुनं इंजिन, त्यानं टेकडी सुरू केली. त्यातल्या बहुतेक गेल्या. एकट्या ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या पट्ट्यात बंद पडलेल्या स्की-टेकड्यांची यादी काढणाऱ्यांकडं ६०० च्या वर नावं जमली आहेत. संपूर्ण अमेरिकेत १९८२-८३ च्या हंगामात ७३५ स्की-ठिकाणं चालू होती, आता पाचशेच्या आत आहेत. यातली कितीतरी, हवामानबदल हा शब्द पेपरात यायच्या आधीच बंद झाली होती.

त्यांना मारलं ते वेगळ्याच गोष्टींनी. मोठे हमरस्ते झाले आणि शहरातला माणूस जवळची टेकडी ओलांडून तीन तास पुढच्या मोठ्या डोंगरावर जायला लागला. १९७३ ला तेल महागलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस व्हर्मांटमध्ये स्ट्रॅटन या रिसॉर्टवर जखमी झालेल्या एका तरुणाला न्यायालयानं १५ लाख डॉलरची भरपाई दिली, आणि त्यानंतर विम्याचे हप्ते असे चढले की दोन दोऱ्यांच्या टेकडीला ते झेपेनात. या सगळ्यांपेक्षा मोठं कारण माझ्या मते ईर्षा. शेजारच्या रिसॉर्टनं चौघं बसतील अशा खुर्च्यांची लिफ्ट टाकली की आपण कर्ज काढून दोघांच्या खुर्च्यांची टाकायची. त्यांनी स्नो गन आणल्या की आपणही आणायच्या. मग दोन हिवाळे लागोपाठ कोरडे गेले की बँक दारात. नोंद होते ती 'बर्फाअभावी बंद' अशी. बर्फ कमी पडला हे खरंच, पण कर्ज नसतं तर ती टेकडी दोन वर्षं झाकून ठेवून तिसऱ्या वर्षी उघडता आली असती.

२००८ मध्ये व्हेल रिसॉर्ट्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्की-कंपनीनं ५७९ डॉलरला एपिक पास काढला. हंगाम सुरू व्हायच्या आधी एकदाच पैसे भरायचे आणि त्यांच्या सगळ्या डोंगरांवर खेळायचं. पैसे आधीच हातात आल्यामुळं कंपनीला बर्फ पडो ना पडो, चिंता कमी. उलट एका दिवसाचं तिकीट इतकं वाढवत नेलं की काही ठिकाणी गर्दीच्या दिवशी खिडकीवर तीनशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. याच कंपनीनं पुढं शिकागो, डेट्रॉइट, मिनियापोलिस अशा शहरांजवळच्या बुटक्या टेकड्याही विकत घेतल्या. कशाला? तिथं शिकलेला माणूस पुढं पास घेऊन मोठ्या डोंगरावर येतो म्हणून. छोट्या टेकडीची खरी किंमत मोठ्या कंपनीला बरोबर कळली होती. ज्यांची टेकडी होती त्यांना ती दाखवता आली नव्हती.

ही किंमत आपल्या सातारा-सांगलीच्या माणसाला तालमीवरून पटकन कळेल. गावच्या तालमीत हौदा, लाल माती, चार जोर मारणारी पोरं आणि एक वस्ताद. तिकीट नाही, गॅलरी नाही. पण कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीतून कांस्यपदक घेऊन आले ते अशाच मातीतून. अमेरिकेत मिनेसोटातली बक हिल नावाची टेकडी जेमतेम शंभर मीटरही उंच नाही. एवढ्याशा उतारावर एरिक झाइलर नावाचा कोच पोरांना संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात शेकडो फेऱ्या मारायला लावायचा, आणि तिथं तयार झालेल्या लिंडसे वॉननं २०१० च्या ऑलिम्पिकमध्ये डाउनहिलचं सुवर्ण घेतलं. टेकडी बुटकी असली की फेरी लवकर संपते, लवकर पुन्हा वर जाता येतं, आणि शिकणाऱ्याला हव्या असतात त्या फेऱ्याच. मोठ्या डोंगरावर निम्मा दिवस खुर्चीत बसण्यात जातो. आपल्याकडंही तेच. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू आरिफ खान गुलमर्गच्या पायथ्याचा. २०१८ मध्ये तुर्कस्तानात भारताला स्कीतलं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक मिळवून देणारी आँचल ठाकूर मनालीजवळच्या बुरुआ गावची. उतार घराशेजारी होता म्हणून ही मुलं घडली.

टिकलेल्या टेकड्या पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी मालकी गावाची किंवा खेळणाऱ्यांची आहे. कोलोरॅडोत स्टीमबोट स्प्रिंग्जची हॉवेल्सन हिल १९१५ पासून चालू आहे आणि ती नगरपालिकेची आहे. आयडाहोतली बोगस बेसिन ना-नफा संस्था चालवते. १९९८ मध्ये त्यांनी पाचशेच्या आसपासचा सीझन पास एकदम १९९ डॉलरवर आणला आणि विक्री कित्येक पटींनी वाढली. मला सगळ्यात आवडतं ते व्हर्मांटमधल्या मॅड रिव्हर ग्लेनचं उदाहरण. १९९५ मध्ये तिथल्या स्कीअर लोकांनी शेअर घेऊन सहकारी संस्था केली आणि डोंगर विकत घेतला. त्यांची १९४८ ची एकेका माणसाची खुर्ची असलेली लिफ्ट खिळखिळी झाली, तेव्हा सभासदांपुढं जास्त माणसं वाहणारी नवी लिफ्ट घ्यायचा पर्याय होता. त्यांनी २००७ मध्ये तीच एकेरी खुर्ची दुरुस्त करून उभी केली, कारण जास्त माणसं वर गेली की उतारावरचा नैसर्गिक बर्फ लवकर खरवडला जातो. सहकार म्हटलं की आपल्याकडं लगेच कारखान्याचं राजकारण डोळ्यांपुढं येतं, त्यामुळं हे वाचून हसू नका. नफा वाटायचा नाही असं एकदा ठरलं की निर्णय किती वेगळे होतात एवढंच यातून घ्या.

आता बर्फाचं खरं गणित, कारण पुढच्या वीस वर्षांत ते टाळता येणार नाही. शंभर मीटर वर गेलं की हवा साधारण ०.६५ अंशानं थंड होते. म्हणजे तापमान एका अंशानं वाढलं की बर्फाची रेषा साधारण दीडशे मीटर वर सरकते. दीड हजार मीटर उंचीचा उतार असलेल्या रिसॉर्टचा त्यात खालचा दहावा हिस्सा जातो. शंभर मीटरच्या टेकडीचं मात्र सगळंच एका अंशात जातं. म्हणून छोट्या टेकडीला किती उंच आहे यापेक्षा कुठून सुरू होते हे विचारायचं. २०२३ मध्ये नेचर क्लायमेट चेंज या नियतकालिकात युरोपातल्या २,२३४ स्की-ठिकाणांचा अभ्यास आला: पृथ्वी २ अंशांनी तापली तर स्नो गनशिवाय त्यातली ५३ टक्के ठिकाणं बर्फटंचाईच्या फार मोठ्या धोक्यात, ४ अंशांनी तापली तर ९८ टक्के. फ्रान्समधल्या मेताबिएफनं मला वाटतं सगळ्यांत शहाणपणाचं केलं. उतारावरची स्की २०३० ते २०३५ च्या सुमारास संपेल असं गृहीत धरून त्यांनी नव्या लिफ्टवरचा मोठा खर्च थांबवला, आहेत त्या लिफ्ट नीट सांभाळून तेवढी वर्षं काढायची आणि दरम्यान उन्हाळ्याचे उद्योग उभे करायचे असं ठरवलं.

हिमालयात उंची भरपूर आहे, मग आपल्याला काय, असं वाटेल. पण आपण ३० ते ३४ अक्षांशांवर आहोत, आल्प्स ४६ च्या आसपास. फेब्रुवारीतलं ऊन आपल्याकडं कडक असतं, दक्षिणेला तोंड केलेला उतार दुपारपर्यंत भिजतो. बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेवर, आणि ते हल्ली वेळा पाळत नाहीत. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं होतं, बर्फ आला तो महिना संपताना आणि फेब्रुवारीत. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. औलीत २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्तानं स्नो गनची यंत्रणा आली, तरी २०२३ च्या फेब्रुवारीतल्या स्पर्धा बर्फाअभावी रद्दच झाल्या. त्याच वर्षी जानेवारीत जोशीमठ खचायला लागलं आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. आणि कुफ्री बघा: सिमल्याजवळचं हे ठिकाण एके काळी स्कीसाठी प्रसिद्ध होतं, आज तिथं लोक घोड्यावर बसायला जातात.

म्हणून तुमच्या मित्रांच्या गावाबद्दल पहिला प्रश्न: उतार समुद्रसपाटीपासून किती मीटरवर सुरू होतो आणि तोंड कुठं करतो? २,८०० च्या खाली असेल किंवा दक्षिणेकडं असेल तर लिफ्टचा विचार सोडून द्या, कितीही सुंदर दिसत असला तरी. उत्तरेकडं असेल, वर देवदाराची सावली असेल आणि खाली दगड नसून गवत असेल तर पंधरा-वीस सेंटिमीटर दाबलेल्या बर्फावरही नवख्यांना शिकवता येतं. दगडाळ उताराला त्याच्या तिप्पट लागतो. ऑक्टोबरमध्ये उतारावरचे दगड वेचणं आणि गवत कापणं हा बर्फ वाढवायचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा प्रश्न जमिनीचा. उत्तराखंडात गावावरचा उतार बऱ्याचदा वन पंचायतीचा, म्हणजे गावचं वन सांभाळणाऱ्या गावच्याच समितीचा, किंवा वन खात्याचा असतो. मित्राच्या आजोबांची गुरं तिथं चरत होती एवढ्यानं तो मित्राचा होत नाही. बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण, असेल तर आणखी जपून, कारण बुग्यालांत रात्री मुक्काम करायला तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बंदी घातली आहे. वन पंचायतीचा लेखी ठराव हातात घ्या आणि उत्पन्नातला ठरावीक हिस्सा तिला द्या. याचा नमुना तुमच्या घराजवळच आहे. कास पठारावर दीड-दोन महिन्यांचा फुलांचा हंगाम असतो, आसपासच्या गावांची समिती वन खात्याबरोबर तिथलं काम बघते, रोजची संख्या ठरलेली, शुल्क ठरलेलं, आणि कामाला गावचीच पोरं. त्यात कुरबुरी नाहीत असं नाही, गर्दीच्या रविवारी तिथं उभं राहून बघा. पण थोड्या आठवड्यांच्या हंगामावर गावानं कसं जगायचं, मोसम संपला की पठार कसं मोकळं सोडायचं, हे तिथल्या माणसांना विचारण्यासारखं आहे. सप्टेंबरात एक आठवडा समितीच्या लोकांबरोबर घालवा.

लिफ्ट. चेअरलिफ्टचं स्वप्न बघू नका. शंभर-दीडशे मीटर लांबीची रोप टो पुरते. समजा दोरी १५० मीटर, चढ ४० मीटर, दोरीला एका वेळी ऐंशी किलोची दहा माणसं आणि वेग सेकंदाला दीड मीटर. नुसतं वजन उचलायला तीन किलोवॉटच्या थोडी वर ताकद लागते. बर्फाचं, कप्प्यांचं आणि दोरीचं घर्षण धरून पाच-सहा. म्हणजे १० हॉर्सपॉवरची मोटर झाली, तुमच्या वाडीतल्या विहिरीवर असते तशी. कराड-साताऱ्याच्या कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये तिची चौकट आणि चाकं बनतील. पैसा वाचवायचा नाही तो सुरक्षेवर: वरच्या टोकाला आडवी तार हवी, तिला माणूस लागला की मोटर त्या क्षणी बंद पडली पाहिजे. कुणाची ओढणी, केस किंवा हातमोजा दोरीत अडकून तो चाकापर्यंत ओढला जाणं हा रोप टोवरचा सगळ्यात वाईट अपघात आहे. खाली एक आणि वर एक, असे दोन माणूस स्विचपाशी कायम. विमा उतरल्याशिवाय पहिलं गिऱ्हाईकही दोरीला लावू नका, आणि परवान्याचं जिल्हा पर्यटन कार्यालयाला लेखी विचारून लेखीच उत्तर घ्या.

पोट भरेल का? नुसत्या टेकडीवर नाही. डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत फार तर दहा-बारा आठवडे मिळतात, त्यातले काही कोरडे जातात. जे लोक या धंद्यात वर्षानुवर्षं टिकलेले मी पाहिले त्यांच्याकडं दुसरं एक हातचं काम होतं. तुमच्या घरी स्ट्रॉबेरी आहे, पण तिचा तोडा नेमका त्याच महिन्यांत येतो, तेव्हा घरच्यांशी हे आधी बोलून घ्या. पाचगणीचं पॅराग्लायडिंगही हिवाळ्यातच जोरात असतं. मी सुचवीन ते लिफ्टच्या मेकॅनिकचं काम. आयटीआयमधून फिटर किंवा वायरमन करा, मग एखाद्या रोपवेवर देखभालीला लागा. केंद्र सरकारची पर्वतमाला योजना २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाल्यापासून देशात रोपवेची कामं वाढली आहेत, आणि दोरीची गाठवण, ग्रिप (डब्याची दोरीवरची पकड), ब्रेक समजणारी माणसं कमी आहेत. परदेशातही स्की शिकवणारे पोत्यानं मिळतात, लिफ्ट दुरुस्त करणारा मिळत नाही. इन्स्ट्रक्टरचं काम बर्फाबरोबर वितळतं, मेकॅनिकचं खरं काम उन्हाळ्यातच असतं.

साताऱ्यात असताना पायांची तयारी चालू ठेवायला रोलर स्की घ्या. डांबरी रस्त्यावर चालतात, परदेशातले क्रॉस-कंट्रीवाले उन्हाळाभर त्याच वापरतात. यवतेश्वरचा घाट चढायला उत्तम आहे, पहाटे आणि फक्त चढायला. रोलर स्कीला सहसा ब्रेक नसतात आणि उतरताना समोरून एसटी येते. गवतावरच्या स्कीही मिळतात, पण त्या घेऊन कासच्या पठारावर कृपा करून जाऊ नका.

वडिलांच्या पैशांबद्दल. या हिवाळ्यात त्यातला एक रुपयाही लिफ्टवर घालू नका. सेंटिमीटरच्या खुणा केलेले तीन बांबू उताराच्या खाली, मध्ये आणि वर रोवा. मित्राला रोज सकाळी आठला एकाच जागेवरून तिन्हींचा फोटो काढायला सांगा, आणि वहीत तारीख, उंची, किमान तापमान. गावातल्या शाळेच्या मुलांना जुन्या स्की देऊन, पायी वर चढवून शिकवा. किती मुलं दुसऱ्या दिवशी परत येतात ते बघा. निदान दोन हिवाळे हे करा. त्या दोन्ही वर्षांत मधल्या बांबूवर ३० सेंटिमीटर बर्फ पन्नास दिवस टिकला आणि वन पंचायतीचा ठराव झाला, तर दोरी आणि मोटर घ्या, तीही जुनी. पन्नास दिवस भरले नाहीत तर स्की मुलांनाच देऊन टाका आणि फिटरचा कोर्स पुरा करा.